दुपारची झोप

४ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. साठी उलटलेल्या बाईला अजून भिंगरी काय म्हणतेस, असं तू दर वेळी म्हणतेस. पण कागदावर माझ्या हातून दुसरं नाव उमटतच नाही.

इकडे सगळं ठीक. ह्यांची तब्येत आहे तशीच. खुब्याचं हाड जुळलं, पण उभं राहायचा हुरूप गेला तो गेलाच. बोलणं तर अर्धांगापासूनच गेलेलं. हो-नाही काय ते मानेनं. आता मावशीच्या जागी ह्यांना सांभाळायला नवी बाई येते. कामाला चोख आहे, पण फोन कानापासून सुटत नाही.

लिहायचं कारण वेगळंच. तुझ्या भाच्यानं मागे लागून माझी झोपेची तपासणी करवली. बोटाला चिमटा, नाकाखाली नळी, छातीला पट्टा, आणि वर म्हणतात, आता निवांत झोपा! तासाला एकेचाळीस वेळा माझा श्वास थांबतो म्हणे, त्यामुळे रात्रीची झोप मोडते नि दिवसा डोळा लागतो. आकडा पाहून मी म्हटलं, ही छपाईची चूक असणार. चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, दुसऱ्याची चूक आधी दिसते. पण आकडा बरोबर होता.

डॉक्टरीणबाई तरुण आहे, समजावून सांगते. रोज झोपताना नाकावर मास्क लावायचा, मशीन त्यातून हवेचा झोत सोडतं. "वय झालं म्हणून उपचार करू नयेत असं काही नाही," म्हणाली, "पण नेमानं लावलंत तरच उपयोग. लावायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

बहात्तराव्या वर्षी सोंड लावून झोपायचं! मला वाटतं, राहू दे. उरलेली वर्षं अशीतशी निघतील. बाईमाणूस घोरतं हेच मुळात किती लाजिरवाणं. मागे, हे पडायच्या आधी, तू आठ दिवस राहायला आली होतीस, तेव्हा चहा घेताना म्हणालीस, "ताई, तू झोपेत श्वास घ्यायचीच थांबतेस गं, मी घाबरून उठून बसले." दोन दिवस मी तुझ्याशी धड बोलले नाही. राग नव्हता तो.

फॉर्मवर एक प्रश्न होता, दिवसा डोळा लागल्यामुळे कधी काही अपघात झाला आहे का? असलं कशाला विचारतात कोण जाणे. ‘नाही’ लिहून टाकलं.

तू काय म्हणतेस? फोन नको, लिहूनच कळव. फोनवर मला काही सुधरत नाही.

तुझी
ताई

२७ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले. तू लिहिलंस, "मशीन घे. निदान घरात तू तरी जागी राहशील. मावशीनं केलं तसं पुन्हा व्हायला नको." हे वाचलं आणि पत्र घडी करून उशीखाली सारलं. मग रोज काढायचं, वाचायचं, पुन्हा सारायचं. आता मी लिहितेय ते बसून वाच आणि मध्येच टाकू नकोस.

मावशीनं काही केलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "काकू, काकांच्या गोळ्या संपल्यात. घेऊन येते. तुम्ही आहात ना जाग्या?" मी ह्यांच्या पलंगाशी खुर्चीत बसले होते. म्हटलं, "आहे गं, जा तू." ती चप्पल घालत होती तेवढं आठवतं. त्यानंतरचं काही आठवत नाही. जाग आली तेव्हा ती माझे खांदे गदागदा हलवत होती आणि हे जमिनीवर पडलेले होते. एकटेच उठायला गेले असणार. त्याआधी त्यांच्या घशातून जो आवाज निघतो तसा काढून मला उठवायचं पाहिलं असणार. किती वेळ, मला माहीत नाही. मी हातभर अंतरावर होते.

संध्याकाळी हॉस्पिटलात तुझ्या भाच्यानं विचारलं, बाबांपाशी कोण होतं? मावशी म्हणाली, "मी गोळ्या आणायला गेले होते, काकूंना सांगून." तो माझ्याकडे वळला. "आई, सांगून गेली होती?"

मी म्हटलं, "मला नाही आठवत."

एवढंच. धड खोटंही बोलले नाही बघ. मावशी माझ्याकडे बघत राहिली. हेही बघत होते. मग ह्यांनी डोळे मिटून घेतले.

तिला तिथल्या तिथे काढलं. तुझ्या सासूबाईंना तिनं सांभाळलं होतं, म्हणून तूच तिला आमच्याकडे पाठवली होतीस. तू फोनवर रडलीस, "ताई, माझ्या भरवशावर ठेवलीस गं तिला, माझंच चुकलं." आणि मी तुझी समजूत घातली! म्हटलं, जाऊ दे, माणूस ओळखणं कठीण असतं. हे शब्द माझ्या तोंडून आले. मशीन नको म्हणत होते ते सोंडेपायी नव्हे. ते लावून मी जागी राहायला लागले, तर तू पहिल्यांदा सांगितलंस तेव्हाच लावता आलं असतं, हे मला कबूल करावं लागणार होतं. आणि मला वाटायचं, ह्यांना असं पलंगाला खिळवून आपण शांत झोप कोणत्या तोंडानं मागायची?

तुझ्या पत्रानंतर मात्र राहवेना. गेल्या रविवारी ह्यांच्यासमोरच तुझ्या भाच्याला सगळं सांगितलं. त्यानं बापाकडे पाहिलं. ह्यांनी मान हलवली, हो म्हणून. "आई, सात महिने?" एवढंच तो म्हणाला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतो. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन फॉर्म मागून घेतला, ‘नाही’ खोडलं, ‘होय’ लिहिलं. डॉक्टरीणबाईनं कारण विचारलं, सांगितलं. ती म्हणाली, "हा आजारच आहे, काकू. झोप लागली हा तुमचा दोष नव्हे." मी म्हटलं, झोपेचं नाही हो, मी जागी झाल्यानंतरचं बोलतेय.

मग मावशीकडे गेले. एका लॉण्ड्रीत इस्त्री करते आता. आमच्यानंतर कुणी माणूस सांभाळायला ठेवून घेतलं नाही तिला. तुझ्याकडून ऐकून तुझ्या शेजारणींनीही नाही. मालकासमोरच मी सगळं सांगितलं, माफी मागितली. ती इस्त्री फिरवत राहिली. एक सदरा पुरा झाल्यावर म्हणाली, "काकू, मी दारातून आत आले तेव्हा काका खाली आणि तुमची छाती हलत नव्हती. वाटलं, तुम्ही गेलातच. आधी कुणाकडे धावू कळेना. तुमच्याकडे आले."

मी म्हटलं, परत ये, आम्हाला तू हवी आहेस.

"नाही येणार," म्हणाली. "इथं बरं आहे. कपडे जळले तर जळले." मग दुसरा सदरा पसरत, "तुमच्या बहिणीनं माझं नाव टाकलं, ते मला फार लागलं. त्यांच्या सासूबाईंचं मी शेवटपर्यंत केलं होतं."

मशीन आणलंय. पहिले दोन दिवस जीव घुसमटला, मास्क काढून फेकला. तिसऱ्या दिवसापासून जमतंय. काल दुपारी ह्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवलं, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत, आणि एकदाही पापणी जड झाली नाही. वाचता वाचता रडू फुटलं. इतकं सोपं होतं गं हे. ह्यांनी चालत्या हातानं माझ्या मनगटाला धरलं. ते काय म्हणत होते, मी विचारलं नाही.

माझ्याशी बोलावंसं वाटणार नाही तुला, मी समजू शकते. पण लॉण्ड्रीचा नंबर पाकिटाच्या मागे लिहिला आहे. मावशी सहापर्यंत असते. माझ्यापुरती माफी मी मागितली, ती तिनं दिली नाही, तिचा हक्क आहे. तू मात्र तिची माफी माग. तुला ती मागायला लागतेय ती माझ्यामुळे, हेही तिला सांग. मला नंतर फोन केलास तर उचलेन, आणि नाही केलास तर तुझी वाट बघण्याचा मला अधिकार नाही, हे मला कळतं.

तुझ्याशी खोटं बोललेली, तुझीच,
ताई