भुऱ्याचा लाल पट्टा

वेरावळ, ६ जानेवारी २०२५

ती. आईस, स्वप्निलचा शि. सा. नमस्कार.

पुन्हा तेच लिहिलंस. पायाला भिंगरी आहे, शाळा सोडली तशी तिसरी नोकरी सोडली. अगं, कोळंबी सोलून बोटं सडायला आली होती. आता बर्फाच्या कारखान्यात आहे, बरा आहे. तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून कागद काळे करतो, नाहीतर एवढं मी सातवीच्या परीक्षेत पण लिहिलं नाही.

आणि भुऱ्याचं काय लावलंस? कुत्र्या-मांजरांना रेबीजची सुई टोचायला ग्रामपंचायतीत पुन्हा येणार, तर येऊ देत. त्याला मागच्या शिबिरात टोचलंय, गळ्यात त्यांचा लाल पट्टा आहे. दरवर्षी कशाला? शेजारच्या भागोजीकाकांना सांग, दुसरं कुत्रं पाळा. त्यांची चंपी एसटीखाली गेल्यापासून माझ्या भुऱ्यालाच भाकऱ्या घालून बिघडवतात.

तुझा,
स्वप्निल

३ मार्च

चि. स्वप्निल यास आईचे अनेक आशीर्वाद.

वाईट ते आधी लिहिते. भागोजीभावजी बुधवारी गेले.

माघी गणपतीच्या आधी भुऱ्या खाईना. जबडा लोंबला, लाळ गळायची. घशात हाड अडकलं समजून भावजींनी त्याचं तोंड धरलं, नि मी आत हात घालून चाचपलं. हाड न्हवतं. भावजींच्या बोटाला दात लागला. ते हसले, बोलले, पट्टेवाला हाय, काय न्हाय होत. चुना लावला नि शेतावर गेले. भुऱ्या तिसऱ्या दिवशी मेला.

महिन्याने भावजींना पाणी गिळवेना. पंख्याच्या वाऱ्यानेसुद्धा अंग ताठ व्हायचं. अलिबागचे डॉक्टर बोलले, कुत्र्याचंच हाय, आता उपाय न्हाय. पूनमने आपल्या बापाला खाटेला बांधलेला बघितला.

कुत्र्याला हात लावला त्या सगळ्यांनी सुया घ्या, असं डॉक्टर बोलले. मी न्हाय गेले. गाव म्हणतं, टोचलेल्या कुत्र्याने असं व्हायचं न्हाय. मी सुई घेतली तर पूनम समजेल, भुऱ्यानेच बाप नेला, नि तुझं नाव पुढे येईल. हाताला भेगा हायत, त्या दरसालच्याच. जेवत जा.

तुझी आई,
मनुबाई

वेरावळ, १० मार्च

ती. आईस,

पत्र मिळालं तसा रिक्षावाल्या रितेशला फोन केला. तो रिक्षा घेऊन दारात आला, तर त्याला चहा पाजून परत पाठवलंस. माझं अक्षर बघितल्याशिवाय तू ऐकायची नाहीस. म्हणून हे लिहून फोटो त्याच्याकडे पाठवतोय, कागद मागनं येईल.

भुऱ्याला मी टोचलं नव्हतं. शिबिराच्या दिवशी दिवेआगरला मॅच होती, मी तिकडे गेलो. तुला म्हटलं, टोचून आणला, पट्टा नंतर देणार आहेत. त्याच आठवड्यात चंपी गेली. काकांना बघवेना, मलाच पुरायला सांगितलं. खड्ड्यात ठेवताना तिच्या गळ्यातला शिबिराचा पट्टा सोडला, रक्त धुतलं आणि भुऱ्याला बांधला. काकांनी आपल्याच कुत्रीच्या पट्ट्यावर भरवसा ठेवला.

माझं नाव सांभाळू नकोस. हे पूनमला वाचून दाखव. तिला काय बोलायचं ते बोलू दे, मी ऐकेन. पण आधी रिक्षात बस, आजच. म्हसळ्याला सरकारी दवाखान्यात सुया फुकट आहेत. पाच वेळा जावं लागतं. एकही चुकवू नकोस, आई.

लोभ असू दे असं या खेपेला लिहवत नाही.

स्वप्निल

ता. क. रिक्षा जाऊन-येऊन तीनशे घेते. रितेशकडे पाच खेपांचे पाठवलेत, रुपये पंधराशे.