विलास ओव्हाळ यांच्या हाताची पट्टी चिरडू नये म्हणून

प्रति,
मा. चाचणी अधिकारी,
वैद्यकीय साधने तपासणी कार्यालय,
भोसरी.

दिनांक : १४ मे २०२५

विषय : सीलबंद खोलीतील हाताची पहिली पट्टी परत मिळणेबाबत.
संदर्भ : सर्व पट्ट्या चिरडून नष्ट करण्याची वर्कशॉपला दिलेली आपली नोटीस.

महोदय,

मी सोजरबाई विलास ओव्हाळ, राहणार भोसरी, विनंती करते की, माझे पती कंपनीत फिटर होते. अर्धांगवायूचा झटका आल्यावर त्यांच्या उजव्या हाताची मूठ मिटली ती मिटलीच. नखे तळव्यात रुततात.

आमच्या घराजवळच्या वर्कशॉपात वर्षाली मॅडम अशा हातासाठी प्लास्टिकची पट्टी बनवीत होत्या. त्यात चुंबकाकडे ओढली जाणारी काळी भुकटी असते, इतकी बारीक की चिमटीत कण लागत नाही. तिच्या गुठळ्या होतात, म्हणून कणकेत हळद मुरावी तशी ती सगळीकडे सारखी कालवावी लागते. पट्टी उघड्या पंजाच्या साच्यात ओततात, मग ऊब देऊन मुठीसारखी वाकवतात व थंड करतात. हाताला बांधून वीज सोडलेल्या तारेच्या वेटोळ्यात धरली की आतली भुकटी तापते, पट्टीला आपला पहिला आकार आठवतो आणि ती बोटांना सोबत घेऊन हळूहळू उघडते. पती म्हणायचे, "मी जेवलो का ते मला आठवत नाही, आणि या प्लास्टिकची आठवण बघ."

पहिल्या पट्टीने मूठ उघडली. त्या दिवशी ते मला म्हणाले, "सोजर, पाटी आण." साहेब, मी पूर्वी अंगठा लावत होते. झटका येण्याआधी, नातवंडे शाळेत जाऊ लागल्यावर, यांनी याच हातात माझा हात धरून मला अक्षरे गिरवायला लावली. हा अर्ज त्यामुळेच मी स्वतः लिहीत आहे.

दुसरी पट्टी मात्र बिघडली. ग्राइंडिंग मशीनच्या टेबलात चुंबक असते. घासायची वस्तू हलू नये म्हणून ती त्यावर ठेवायची आणि चुंबक चालू करायचे, ही इथल्या कारागिरांच्या हाताची सवय आहे. कुलदीप नावाच्या कारागिराने नुकतीच पट्टी ओतलेला ओला साचा तसाच ठेवला. सगळी भुकटी एका अंगाला ओढली गेली. पट्टी एकीकडे ताठ राहिली आणि दुसरीकडे इतकी तापली की यांचा तळवा भाजला. कुलदीप आमच्या दारात उभा राहिला, आत येईना. म्हणाला, "काकू, मॅग्नेट मीच लावला. माझं नाव लिहा." मी ते तक्रार म्हणून लिहीत नाही. तक्रार माझा मुलगा सनी याने केली होती. बापाचा भाजलेला हात पाहून केली, त्याचेही चुकले नाही. आपण वर्कशॉपची खोली सील केली तेही योग्यच केले.

आता तळवा भरला आहे, पण मूठ पुन्हा मिटली आहे. वर्कशॉपच्या मालकांनी घाबरून साचा फोडला. तो साचा डॉक्टरांनी सुई देऊन मूठ सैल केली तेव्हाच्या ठशावरून केलेला होता. आता मूठ तेवढी सैल होणार नाही असे डॉक्टर म्हणतात. म्हणजे माझ्या पतीचा उघडा पंजा आता फक्त त्या पहिल्या पट्टीत शिल्लक आहे.

आपल्या कार्यालयात मला सांगण्यात आले की पट्टी हे साधन आहे, अर्ज डॉक्टरने करावा. पुढच्या टेबलावर सांगितले की आत लोखंड आहे, म्हणून ती भंगारात मोडते. त्यापुढच्या टेबलावर मालकी विचारली. मी म्हटले, हात यांचा आहे. तसा रकाना नाही असे उत्तर मिळाले.

तरी माझी विनंती अशी :

१. पट्टी आपल्यासमोर आधी माझ्या हातावर ठेवून तापवावी. सगळीकडे सारखी तापते की नाही ते माझी कातडी सांगेल. भाजल्यास माझी तक्रार नाही.

२. त्या खोलीचा पत्रा दुपारी फार तापतो. मॅडम म्हणतात, पुढच्या वेळेसाठी मुठीसारखी वाकवून ठेवलेली पट्टी त्या तापानेच आपोआप उघडली असेल, आत हात नसताना. म्हणून सील काढल्यावर मिटलेली पट्टी शोधू नये. पंजा पसरून पडलेली असेल ती आमची. एका अंगाने वाकडी आहे ती खुशाल चिरडावी.

३. दोन्ही चिरडायच्याच ठरल्या, तर आधी पहिलीवरून नवा साचा घेऊ द्यावा. तेही नियमात बसत नसेल, तर चिरडण्यापूर्वी एकदा तिच्यावर माझा हात ठेवू द्यावा.

अर्ज उजव्या हाताबद्दल असल्याने पतीचा उजवाच अंगठा हवा, असे खिडकीवर सांगितले. तो मूठ उकलून घ्यावा लागला, म्हणून ठसा फरफटला आहे. हा अर्ज त्यांनी वाचून माझ्या दोन चुका दुरुस्त केल्या आहेत. अंगठ्यावरून त्यांना निरक्षर समजू नये.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,

(सही) सोजरबाई विलास ओव्हाळ

विलास ओव्हाळ यांचा उजवा अंगठा

सोबत : तळवा बरा झाल्याचा डॉक्टरांचा दाखला.