पाऊल नातीचं, बोटं माझी

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (गुडघे परवानगी देतात तेवढाच). तुझी पाठ कशी आहे? भावोजींचं कानातलं यंत्र सापडलं का? (सापडलं असलं तरी घाई करू नकोस, त्याशिवाय तुमचं दोघांचं बरं चाललंय असं ऐकतो.) इकडे सर्व क्षेम, म्हणजे पत्रात जितकं असावं लागतं तितकं.

नातीची हकिकत तुला फोनवर अर्धीमुर्धीच कळली, म्हणून सविस्तर लिहितो. ठकीचा (खऱ्या नावावर अजून एकमत नाही) डावा पाय जन्मापासून आत वळलेला आहे. तळवा दुसऱ्या पायाकडे बघतो आणि टाच वर ओढलेली. बाळ बघायला आलेला प्रत्येक माणूस आधी त्याची बोटं मोजतो, तेव्हा ही गोष्ट लपणारी नव्हतीच. दोन्ही घरांची चौकशी समिती ताबडतोब बसली. विहीणबाईंच्या मते आमची लेक दिवस असताना मांडी घालून फार बसली. आमच्या हिच्या मते जावयाच्या चुलत्याची चाल बघा, म्हणजे कळेल कुठून आलं ते. (तो बिचारा मोटारसायकलवरून पडला होता, तरी आठवडाभर आरोपी होता.)

आणि मी? चपला-बुटांच्या दुकानात जन्म काढलेला माणूस. गिऱ्हाईक उंबऱ्यात आलं की मी नंबर सांगतो, हे तू जाणतेसच. मी जाहीर केलं की पोटात जागा कमी पडली म्हणून पाऊल दुमडलं, नीट बूट घातला की आपोआप सरळ होईल. कारागिराकडून बोटभर बूट शिवून घेतला, टाचेला कडक चामडं, आत मऊ अस्तर. दुकानात जो बघेल तो हरखून जाई. ठकीच्या पायात मात्र तो जाईना. मी बूट चढवायची पट्टी घेऊन दुसऱ्यांदा सरसावलो, तेव्हा लेकीने ती पट्टी माझ्या हातातून काढून घेतली आणि आम्हा सगळ्यांना दवाखान्यात नेलं.

हाडांच्या डॉक्टरीणबाईंचा हात इतका हलका, की ठकी जागीसुद्धा झाली नाही. त्यांनी पाऊल दोन बोटांनी हळूच बाहेर वळवून बघितलं. नुसतं अडचणीत दुमडलेलं पाऊल असं केलं की सरळ येतं म्हणे. हे येईना, म्हणजे खरा क्लबफूट. तो डोळ्यांनी आणि हातांनीच ओळखतात. पाठीचा कणा आणि खुबेही त्यांनी बघून घेतले, कारण क्वचित त्याच्यामागे दुसरं काही दडलेलं असतं. ठकीचं तसं काही नाही. कारण विचारलं तर म्हणाल्या, बहुतेक वेळा कळतच नाही. थोडं घराण्यातून येत असेल, बाकीचं कशातून कुणास ठाऊक, पण आईच्या उठण्याबसण्यातून नक्की नाही. हे ऐकून लेक जी रडायला लागली! इतके दिवस तिच्या मनात काय चाललं होतं, हे आम्हा समितीवाल्यांपैकी एकालाही कळलं नव्हतं. विहीणबाईंनी आपल्या पदराने तिचे डोळे पुसले, आणि समिती तिथेच बरखास्त झाली.

उपाय असा, की दर आठवड्याला पाऊल थोडं वळवायचं आणि प्लास्टर घालायचं. मग टाचेमागची ताठ दोरी जराशी सैल करायची, आणि पुढे काही वर्षं झोपताना एका दांडीला जोडलेले बूट. (शेवटी बूटच! पण माझ्या ह्या विजयाची कुणी दखल घेतली नाही.)

आता खरी गोष्ट. प्लास्टरच्या वेळी ठकीचा गुडघा धरायचं काम माझ्याकडे आलं. बाई पट्टी गुंडाळता गुंडाळता थांबल्या आणि माझ्या बोटांकडे बघत राहिल्या. माझी बोटं टोकाला गोल फुगलेली आहेत आणि नखं खाली वळलेली. मी म्हणालो, धंद्याची बोटं ती, जन्मभर लोकांच्या टाचा बुटात कोंबल्यात. त्यांनी विचारलं, करंगळ्यांनीसुद्धा? मग मला बूट-मोजे काढायला लावले. गावाचे पाय बघण्यात माझी उमर गेली, पण माझे पाय कुणी बघितले ते पहिल्यांदाच. पायांची बोटंही तशीच निघाली. मग दोन्ही तर्जन्यांची नखं पाठीला पाठ लावायला सांगितली. चांगल्या बोटांत मधे उजेडाची बारीक चौकट दिसते. माझ्या बोटांत मिट्ट काळोख.

ह्याला क्लबिंग म्हणतात. ठकीच्या पावलाशी त्याचं नातं नावापुरतंच. ते जन्माबरोबर येतं, हे इतकं सावकाश येतं की ज्याचं त्यालाच कळत नाही. बोटं म्हणजे नुसता निरोप्या, धनी आत बसलेला असतो. बहुधा फुप्फुसात, कधी हृदयात, कधी यकृतात नाहीतर आतड्यात. आणि क्वचित काहीच नसतं, सबंध घराण्याचीच बोटं तशी असतात. खोकला आहे का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो, लेक हो म्हणाली, आणि छातीने लेकीची बाजू घेतली. छातीची तपासणी लिहून दिली आहे.

तेव्हापासून मी दिसेल त्याची नखं जुळवून बघतो. शेजारी, न्हावी, दुकानातली दोन गिऱ्हाइकं (त्यातलं एक सँडल न घेताच निघून गेलं). सगळ्यांकडे उजेड आहे. ताई, मला भीती वाटते. ठकीचं पाऊल सगळ्यांना दिसलं, म्हणून सगळे धावले. माझी बोटं रोज सगळ्यांसमोर पैसे मोजत होती.

भावोजींना नमस्कार. पाठीला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. तू एवढंच कर. खिडकीत उभी राहून तुझी नखं जुळवून बघ. उजेड नसला तर मला लेखी कळव, की आपल्या घराण्यात सगळ्यांची बोटं अशीच. बाबांचीही होतीच की गोल. तुझं पत्र बाईंना दाखवतो, म्हणजे तपासणीची कटकट वाचेल.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवून पुन्हा फोडलं. तुझ्या लग्नातला फोटो काढून बघितला, भिंगातून. बाबांचा हात तुझ्या डोक्यावर आहे आणि बोटं सडसडीत आहेत. गोल झाली ती शेवटच्या दोन वर्षांत, खोकला लागल्यावर. तेव्हा नखं बघत बसू नकोस.

ता. क. शेवटचा. तपासणी येत्या गुरुवारी सकाळी आहे. तू ठकीला बघायला येणार, असं मी घरात सांगून टाकलंय. लेक बरोबर येते म्हणते, पण तिच्यासमोर मला बाप व्हावं लागेल. त्या खोलीबाहेरच्या बाकावर माझ्यापेक्षा मोठं कुणीतरी हवं.