पोपटाचा झेंडा

मिर्झापूर, ८ जानेवारी १९७७

ती. भैयांस विंध्याचा शि. सा. न. वि. वि.

अम्मा ऐकत नाहीत. मौनी अमावास्येला संगमावर बुडी मारणारच म्हणून हटून बसल्यात. सत्तरी उलटली, कान गेले, पण सासूबाईंपुढे बोलायची माझी काय टाप! ह्यांना रजा नाही, म्हणून गावच्या बायकांबरोबर पाठवते आहे. अक्षर ओळखत नाहीत. तुमच्या मांडवावरचा हिरव्या पोपटाचा झेंडा तेवढा ओळखतात. चुकामूक झाली तर मान वर करून पोपट शोधा, असं दहादा बजावलंय. त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत तोंड उघडणार नाहीत, तेव्हा काही विचारत बसू नका.

भौजींना नमस्कार. माझ्यावरचा लोभ या खेपेला अम्मांवर करा.

तुमची विंध्या

प्रयाग, १२ जानेवारी

चि. विंध्यास अ. उ. आ.

अगं, तीर्थावरच्या पंड्याच्या बहिणीनं पंड्यालाच झेंडा शिकवावा? आज्यापासून आपले यात्रेकरू यजमान तोच पोपट बघून येताहेत. निर्धास्त पाठव.

इथे मुंबईचे सिनेमावाले उतरलेत. त्यांचा दिग्दर्शक पोपटावर लट्टू झालाय. गंगेपलीकडच्या रेतीत झेंडा रोवून चित्र घ्यायचंय म्हणे, मलाही त्यात उभं करणार! तुझी भौजी विचारते, एवढं पोट पडद्यावर मावेल का. पर्वणी झाल्यावर न्या, असं मी बजावलंय. लोभ आहेच, वाढवायला पेढे पाठव.

तुझा भैया, कृपाशंकर

प्रयाग, २५ जानेवारी

चि. विंध्या,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. दहनाच्या वेळी पाहुण्यांना, तुझ्या ह्यांना, मी सांगितलं, की अम्मा गर्दीत हरवल्या आणि थंडीनं गेल्या. ते अर्धंच खरं आहे.

अमावास्येला पहाटे दिग्दर्शक पुन्हा आला. अशी गर्दी आता बारा वर्षांनीच, दोन तासांत झेंडा परत देतो म्हणाला. मी भुललो गं. मला यजमान सोडून जाता येईना, झेंडा तेवढा दिला. पुढचं काही गावच्या बायकांनी, काही दिग्दर्शकाच्याच माणसानं मागाहून सांगितलं. स्नानाच्या रेट्यात अम्मांचा हात सुटला होता. कोरडं लुगडं, घोंगडी बायकांच्या गाठोड्यात राहिली. अम्मा पोपट बघत पूल ओलांडून गेल्या आणि ओलेत्यानं झेंड्याखाली बसल्या. कुणी नाव विचारलं तर ओठांवर बोट ठेवलं. दिग्दर्शकाला ती म्हातारी फार आवडली. तिला हलवू नका म्हणाला, चित्र घेतलं, आणि दुपारी झेंडा जीपमध्ये घालून माझ्याकडे आणून दिला. अम्मा तिथंच राहिल्या.

भोंग्यावरून त्यांचं नाव पुकारत होते, पण त्यांना काय ऐकू येणार! झेंड्यामागे गेल्या असतील, हे माझ्या मनात संध्याकाळीच आलं होतं विंध्या. पण पर्वणीला झेंडा हलवला हे यजमानांना कळेल, म्हणून गप्प बसलो. सकाळी पोलिसांना त्या रेतीत बसलेल्याच सापडल्या.

ते चित्र काढून टाका म्हणून दिग्दर्शकाच्या पाया पडलो, ऐकत नाही. तू म्हणशील तर पुन्हा पडेन. पण पाहुण्यांना सांगू नकोस. लोभ ठेव असं कोणत्या तोंडानं लिहू?

कृपाशंकर

मिर्झापूर, २ फेब्रुवारी

भैया,

हे रोज विचारतात, अम्मांना शेवटचं कुणी पाहिलं. मी खाली मान घालून भाजी चिरत राहते.

कुणाच्या पाया पडू नका. घरात अम्मांचा एकही फोटो नाही. फोटो काढला की आयुष्य घटतं म्हणायच्या. ते चित्र राहू दे. इथल्या टॉकीजला लागलं की मी ह्यांना घेऊन जाईन. तुम्हीही यायचं. ह्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचं, आणि पडद्यावर अम्मा दिसल्या की त्या कुणाची वाट बघताहेत ते तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही.

तोवर पत्र नको. लोभाचं काय ते तेव्हा बघू.

विंध्या