पहिल्या दाबाला मंद उजेड

प्रिय लेफ्टनंट,

आधी पार्सल उघड, पत्र मागाहून वाच. जाऊ दे, तू ऐकणार नाहीसच, वाच.

तू गेलीस त्या दिवशी दोन माणसांनी तुला एकच वाक्य ऐकवलं होतं, 'गेलीस तर पुन्हा तोंड दाखवू नकोस.' सकाळी घरात तुझ्या बाबांनी, दुपारी स्टँडवर मी. बाबांच्या मागे निदान फौजेतली बावीस वर्षं होती. तिथं काय काय पाहिलं ते त्यांनाच ठाऊक. माझ्याकडे काय होतं? तुझं वेड आणि तापलेलं डोकं. तेच डोकं, ज्यापायी सरांच्या टेबलावर वही आपटून मी दुसऱ्याच वर्षी कॉलेजमधून बाहेर पडलो.

तुला बर्फातल्या चौकीवर धाडताहेत हे तुझ्या बहिणीकडून कळलं. स्वतःचा एक दणकट टॉर्च जवळ असलेला बरा, असंही तू तिला म्हणालीस म्हणे. झालं, मी पेटलो. मी हल्ली पंपांच्या वर्कशॉपमध्ये आहे. पाण्यातल्या मोटारी तपासायला इथं माणूसभर खोल टाकी आहे. दुकानातला सगळ्यात झगझगीत टॉर्च आणून तीत सोडला, तर जेवून येईपर्यंत काचेआड मत्स्यालय! दुसरा पाण्याला पुरून उरला, पण शिडीवरून टाकताच झाकण एकीकडे, सेल दुसरीकडे. मिस्त्री म्हणाले, "लेका, लोक सोयरीक जमवतानाही एवढं पारखून घेत नाहीत." तिसरा मात्र बुडाला, आपटला, तरी जळतच राहिला. मी हवेत!

तेवढ्यात घरची जळलेली मोटार घेऊन तुझे बाबा दारात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी टॉर्चकडे बोट करून हा कुणासाठी विचारलं, तेव्हा मी ताडकन म्हणालो, "तुमच्या लेकीसाठी. तुम्ही नाही देणार, म्हणून मी देतोय." आता कानाखाली बसणार, अशी माझी खात्री होती. त्यांनी वेल्डिंगचे हातमोजे चढवले, डोळे मिटले आणि टॉर्च चाचपून बटण दाबलं. भिंत पांढरीफटक! "मेली ती," एवढंच म्हणाले. मग समजावलं, की अंधारात नकाशा बघायला बटण दाबलं आणि असा झोत पडला, तर समोरच्याला तुझा पत्ताच मिळाला. पहिल्या दाबाला सगळ्यात मंद उजेड यायला हवा. जास्त लागला तर माणूस पुन्हा दाबेल. मी तीन टॉर्च बुडवले, फेकले, आणि ही एक गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

त्यानंतर आठवडाभर ते रोज संध्याकाळी यायचे. मोटार तिसऱ्याच दिवशी तयार झाली होती. तिचा विषय ना त्यांनी काढला ना मी. छातीला अडकवता येईल असा, मान वळवलेला टॉर्च हवा, म्हणजे दोन्ही हात मोकळे. रंग मळका. सॅकमध्ये आपोआप पेटू नये म्हणून बटणाला कुलूप. थंडीत साधे सेल मान टाकतात, म्हणून लिथियमचे. असा एक टॉर्च शेवटी चौथ्या दुकानात सापडला. तो दोन दिवस टाकीच्या तळाशी होता आणि बाबा काठावर स्टूल टाकून बसले होते, जणू आत तूच आहेस.

आता खरं सांगतो. पार्सलवर नाव माझं असलं तरी टॉर्च त्यांचा आहे. रबरी कड्याला ग्रीस त्यांच्या बोटांनी लावलंय. क्लिप चमकू नये, वाजू नये म्हणून गुंडाळलेली कापडी पट्टीही त्यांचीच. तीनदा सोडून पुन्हा गुंडाळली. 'मला लिहायला जमत नाही, तू लिही, पण माझं नाव नको आणि ते अभिमान-बिभिमान तर मुळीच नको,' अशी ताकीद आहे. नाव तर मी फोडलंच, माझ्या पोटात काय राहतंय! दुसरी ताकीद पाळतो. फक्त काल काय झालं ते सांगतो. एका गिऱ्हाइकानं विचारलं, एवढं कुणासाठी चाललंय? बाबा स्टुलावरून उठले, टाचा जुळवल्या आणि तुझं नाव सांगितलं. आधी हुद्दा, मग नाव, आणि सगळ्यात शेवटी, "माझी मुलगी." मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. माझं म्हणशील, तर स्टँडवरचं ते वाक्य मी परत घेतो. क्षमा करायची की नाही ते तू सावकाश ठरव. पण त्यांना एक ओळ आजच लिही. टॉर्च पोचला, एवढीच लिहिलीस तरी पुरे.

तुझाच,
तू ठेवलेल्या नावाचा,
काडेपेटी