हौदावरच्या बाईचं लुगडं

चैत्र वद्य चतुर्थी, गुरुवार. दिवेलागण.

कमिटीच्या पैशातून चौकातल्या हौदावर घागर घेतलेली दगडी बाई बसवली, तेव्हापासून गावाची एकच कुरकुर. बाईचे खांदे उघडे! सभेत मी एकटाच तिच्या बाजूनं भांडलो. ही कला आहे, हिला झाकू नका, म्हणालो. आज मला न विचारता गावानं तिला लुगडं नेसवलं.

संध्याकाळी चौकात गेलो तर भाजीवाली सखू भारी खूश. "आता कशी घरच्या लेकीवानी दिसते, भाऊसाहेब!"

हिरवं लुगडं. पदराला निखाऱ्याचा डाग, त्यावर तांबड्या दोऱ्याचं रफू. ते आमच्या वत्सीचं. पोर साथीत गेली तेव्हापासून पेटीत होतं ना ते?

घरी येऊन वत्सीच्या आईला विचारलं. ती भाकरी थापत होती, मान वर केली नाही.

"बाया जुनं लुगडं मांगाले आल्या, मी देलं. पेटीत ठिवून काय करतं जी?" मग तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "तो डाग आत खोचला ना बायाईनं? वत्सी लपवे त्याले."

हो म्हणालो. खोटं बोललो. डाग समोरच होता, साऱ्या चौकाला दिसेल असा.

झाकू नका म्हणून एवढा भांडलो मी. आणि आता? उद्या बाजार भरायच्या आत जाऊन तो डाग तेवढा आत खोचून यायला हवा.

पोर लाजत असेल.