आईच्या आतड्यात उरलेल्या पेशी

आई, तुझ्या आतड्याबद्दल आपण कधी नीट बोललोच नाही. बरी झाल्यावर तू तो विषयच बंद केलास. आज वर्गात मुलांना नेमकं तेच शिकवून आले आणि तुझ्याशी बोलावंसं वाटलं.

ऐंशीच्या दशकातली ती वर्षं. तू कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होतीस, दिवसभर लोकांचे ट्रंक कॉल जोडायचीस, आणि मी कॉलेजात होते. तुझ्या गर्भाशयाच्या तोंडाशी गाठ निघाली आणि मुंबईच्या इस्पितळात शेक सुरू झाला. द्यायचे ते किरण, पण सगळे शेकच म्हणायचे, जणू गरम पाण्याची पिशवी. सुरुवातीला तू हसतमुख होतीस. मग जुलाब लागले. घोटभर पाणी प्यायलीस तरी पोटात कळ यायची. बाबांच्या मित्राच्या फियाटमधून आपण परत येतोय, कळव्याची खाडी नुकतीच ओलांडलीय, आणि तू माझा हात घट्ट धरतेस. "गाडी थांबवा. आत्ता." रस्त्याकडेला एक कोळीण सुकट पसरत होती. तिनं तुझ्याकडे एकदा पाहिलं. "ये गो बाय, लाजू नको," म्हणत तुला घरामागच्या आडोशाला घेऊन गेली आणि पाठ फिरवून राखण करत उभी राहिली. गाडीत परत बसल्यावर तू रडलीस. त्या आजारात तुला रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, शेक थोडे दिवस थांबवूया. तू ताडकन उठून बसलीस. "थांबवू नका हो. गाठ वाढेल ना!" ते स्टूल ओढून तुझ्याजवळ बसले. "बाई, आतड्याचं आतलं अस्तर रोज झिजतं आणि रोज नवं येतं. ते नवं करणाऱ्या मूळ पेशी अस्तराच्या तळाशी, बारीक बारीक खड्ड्यांत असतात. शेकानं गाठीबरोबर त्यांनाही मारलंय. पण सगळ्यांना नाही. उरल्यात त्यांना जरा उसंत द्या, त्या भरून काढतील."

"म्हणजे माझ्या पोटात अजून कुणीतरी ड्यूटीवर आहे म्हणायचं," तू म्हणालीस. डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. मला वाटलं, ते आपली समजूत घालताहेत.

घरी बाबा पेज करायला शिकले. ज्यांनी कधी चहाचं आधण ठेवलं नव्हतं, ते गॅसपाशी उभे राहून भात घोटायचे. तू दोन चमचे घेऊन वाटी सरकवायचीस. आणि मग एका दुपारी आतून तुझा आवाज आला, "अहो, पेजेत मीठ कमी आहे." बाबा पळी हातात घेऊनच दारात गेले. "काय म्हणालीस?" "मीठ कमी आहे म्हटलं. आणि सगळी पेज संपली, अजून आहे का?"  बाबांनी पातेलंच उचलून आणलं.

उरलेला शेक तू पुरा केलास. गाठ गेली. पोट काही अगदी पूर्वीसारखं झालं नाही, पण तू पुन्हा एक्स्चेंजमध्ये गेलीस, माझ्या लग्नात मिरवलीस, आणि पुष्कळ वर्षांनी गेलीस ती हृदयविकारानं.

नव्वदच्या सुमारास एम.एस्सी.ला असताना मायक्रोस्कोपखाली किरण दिलेल्या उंदराचं आतडं पाहिलं. अस्तर उजाड झालेलं. पण एका खड्ड्याच्या तळाशी चार-दोन गडद जांभळ्या पेशी, दाटीवाटीनं, दुभंगत असलेल्या. किरणांनंतर आणखी काही दिवसांनी घेतलेल्या दुसऱ्या काचेवर तसाच भाग पुन्हा भरत आलेला. आता तर त्याहून नवल कळलंय. मूळ पेशी मेल्या, तर ज्यांचं काम कधीच ठरून गेलंय अशा शेजारच्या काही पेशी मागे वळतात आणि पुन्हा मूळ होतात. हे सगळं अंधारात, मुकाट्यानं. बाहेर आम्ही तुझा चेहरा निरखत बसलो होतो आणि आत हे चाललं होतं.

हे पत्र कुठे धाडायचं नाहीच, म्हणून एक सांगून टाकते. त्या दिवशी प्रयोगशाळेत आजूबाजूला कुणी नाही असं पाहून मी त्या उंदराच्या आतड्याला नमस्कार केला होता.